कमरेएवढा घोडा

जालन्याहून अंबडकडे जाताना रस्त्याच्या कडेनं चाललेला धनगरांचा वाडा तुम्ही पाहिला असेल. पुढच्या वेळी जरा थांबा आणि मेंढरांमागून येणाऱ्या तट्टाची पाठ नीट बघा. उलटी घातलेली बाज, भांडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, झोळीतून मान बाहेर काढलेलं इवलंसं कोकरू आणि या सगळ्या बिऱ्हाडावर बसलेलं दोन-तीन वर्षांचं पोर, चक्क पेंगत! तट्टू मात्र असं जपून पाऊल टाकतं, की पाठीवर काय आहे ते त्याला पक्कं ठाऊक असावं.

हे भीमथडी. भीमेच्या थडीचं, म्हणजे काठचं. मराठ्यांच्या फौजा याच तट्टांवर मैलोन् मैल दौडल्या. तरी भारतातली घोड्याची आठवी जात म्हणून त्याची नोंद व्हायला 2024 उजाडलं. फार उशीर झाला, पण झाली!

उंची जेमतेम सव्वाचार फूट. एवढंसं का? माळावरचं गवत आणि कडबा यावर दिवस काढायचे तर मोठं शरीर परवडतं कुणाला? जिथं चारा तुटपुंजा, तिथं लहान अंगाचं जनावर तगतं. स्कॉटलंडजवळच्या शेटलंड बेटांवरही तसंच झालं. तिथलं तट्टू तर साडेतीन फुटांच्या आतलं.

मग माणसानं आणखी पुढं मजल मारली. लहान घोड्याला लहान घोडी, त्यांच्या शिंगरांतलं पुन्हा सर्वांत लहान, असं पिढ्यान् पिढ्या निवडत गेलं की काय होतं? फार तर 34 ते 38 इंचांचा अख्खा घोडा! आयाळ, खूर, दुडकी चाल, सगळं जागच्या जागी. अमेरिकेतली थंबेलिना ही घोडी तर खुजेपणाच्या विकारामुळं साडेसतरा इंचांचीच होती, तुमच्या-माझ्या गुडघ्याएवढी. आणि निवडीनं घोड्याची जात इतकी लहान होते कशामुळं? माणसाच्या उंचीमागं जनुकांतल्या हजारो जागा असतात. घोड्यांच्या जातीजातींतल्या उंचीच्या फरकाचा मात्र चार-पंचमांश भाग अवघ्या चार जागांवरून उलगडतो, असं 2012 च्या एका अभ्यासात दिसलं. चार!

या इवल्या घोड्यांचं मुलांशी जुनं नातं आहे, आणि ते ऐकून पोटात कालवतं. ब्रिटनच्या कोळसा खाणींत अरुंद बोगद्यांतून गाडे ओढायला लहान मुलं असत. 1842 च्या कायद्यानं दहा वर्षांखालच्या मुलांना खाणीत उतरवायला बंदी केली. मग त्या बोगद्यांत मावेल असं कोण? शेटलंडची तट्टं! मुलांच्या वाटचा अंधार त्यांनी ओढला.

आज त्यांचीच कमरेएवढी भावंडं अमेरिकेत मुलांच्या उन्हाळी शिबिरांत भेटतात. बसायला नव्हे हं. नव्वद किलोच्या घोड्यानं साधारण अठरा किलोच पेलावेत, म्हणजे शाळकरी पोरसुद्धा जडच. मुलं त्याला खरारा करतात, दोरी धरून फिरवतात. मोठ्या घोड्याजवळ मुलाला दिसतात नुसते पाय आणि पोट. इथं डोळ्याला डोळा भिडतो. आणि कान! घोड्याचा प्रत्येक कान स्वतंत्रपणे जवळपास अर्धं वर्तुळ फिरतो. मूल हळूच काही पुटपुटतं आणि एक कान वळून त्याच्याकडं येतो. त्या क्षणी मुलाचा चेहरा बघावा.

अंबडच्या रस्त्यावरचं ते पेंगणारं पोर एव्हाना जागं झालेलं असतं. वाडा थांबतो, आई त्याला खाली उतरवते, आणि ते तट्टाच्या पायाला धरून उभं राहतं. तट्टू पाय हलवत नाही.