शाळा सुटल्यानंतरचे गुरुजी

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या शिक्षकांचा मागोवा हजेरीपटावरून घेता येणार नाही. इथल्या मास्तरांचं निम्मं काम शेवटची घंटा झाल्यावर सुरू होत आलंय.

सुरुवात कॅम्पपासून. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित उतरले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. सगळं मागे टाकून आलेल्या या लोकांनी शिक्षणसंस्था मात्र लगोलग काढल्या. सिंधमधल्या हैदराबादेत प्राचार्य असलेल्या के. एम. कुंदनानींनी बॅरिस्टर होतचंद अडवाणींच्या साथीने १९४९ मध्येच वांद्र्याला कॉलेज उभं केलं. त्यांच्याच शिक्षणसंस्थेचं चांदीबाई कॉलेज साठच्या दशकात उल्हासनगरात आलं. अंबरनाथ-बदलापूरची पोरंही तिकडेच जाऊ लागली. १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, आणि पुढे कॉलेजांच्या शिबिरांत बंधारे बांधायला गेलेलं एखादं पोर डीएड करून स्वतःच शाळेवर लागायचं.

पण हौसेने केलेलं काम आणि वेठीला धरून करवलेलं काम यांत सरकारने कधी फरक ठेवला नाही. खानेसुमारी, मतदारयाद्या, पोलिओचे डोस, काहीही निघो, बोलवा मास्तरांना. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणुका एवढीच जादा कामं शिल्लक ठेवली. कागदावर. त्यात २००० साली नव्या शिक्षकांना सुरुवातीची वर्षं मानधनावर नेमणारी शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला २०२२ अखेरपर्यंत महिना सहा हजार रुपये मिळत. १ जानेवारी २०२३ पासून सोळा हजार झाले. सहा हजारांत बदलापुरातली भाड्याची खोली आणि लोकलचा पास भागवणाऱ्या तरुण मास्तराने संध्याकाळी समाजसेवा सोडून क्लास घेतले, तर त्याला नावं कुठल्या तोंडाने ठेवणार?

तरीही काहींनी वेळ काढला. शेजारच्या मुरबाड तालुक्यातल्या फांगणेचे जिल्हा परिषद शिक्षक योगेंद्र बांगर यांचं नाव त्यात आधी घ्यायला हवं. २०१६ च्या शिवजयंतीला गावात पारायण होतं. ते ऐकताना म्हाताऱ्या हळहळल्या, आपल्यालाही वाचता आलं असतं तर! एरवी असं बोलणं तिथेच हवेत विरतं. बांगर सरांनी ते मनावर घेतलं, मोतीराम दलाल ट्रस्टची मदत मिळवली आणि ८ मार्चला, महिलादिनी, आजीबाईंची शाळा भरवली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या विद्यार्थिनी, गणवेश गुलाबी नऊवारी, हातात पाटी. घरातली कामं उरकून दुपारी यायचं. शिकवायला गावातलीच एक सून, आणि तिच्यापुढे पाटी घेऊन बसलेली तिची सासू! जगभरचे कॅमेरे पुढे फांगणेला आले. मला त्याहून मोठी वाटते ती वेळेची निवड. दुपारची वेळ ठरवली ती आज्यांची सोय बघून. अधिकाऱ्यांच्या योजना नेमक्या इथेच गडगडतात.

पुराच्या वेळी ही माणसं वेगळ्या रूपात दिसतात. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, आत हजारावर प्रवासी. एनडीआरएफच्या बोटींचे फोटो सगळ्यांनी पाहिले; आजूबाजूचे गावकरीही मदतीला धावले होते. अशा वेळी चिखलात उतरणारी मंडळांची पोरं एरवी डीजेवरून शिव्या खातात. पण शाळेत असताना एखाद्या सरांनी त्यांना श्रमदानाला नेलेलं असतं, आणि पाणी चढलं की कुणाला हाक मारायची हे सरांना पाठ असतं.

मग ऑगस्ट २०२४. बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि २० तारखेला लोकांनी दहाएक तास लोकल रोखून धरल्या. मुलांच्या सुरक्षेसाठी शाळाशाळांत सखी सावित्री समिती असावी, हा शासननिर्णय मार्च २०२२ चा. अंमलबजावणीची धावपळ लोक रुळांवर उतरल्यावर. तेव्हापासून मुलांना शाळेबाहेर कुठे न्यायचं म्हटलं की पालक चार प्रश्न जास्त विचारतात. मास्तरांना ते लागतं. लागू दे. पालकांना विचारायचा हक्क आहे, आणि तो फार उशिरा वापरला गेला. मात्र प्रश्न नकोत म्हणून सुट्टीतलं शिबिरच रद्द करणाऱ्या सरांचं मला पटत नाही. शिबिर घ्यावं, सोबत दोन बाई असाव्यात, आणि ज्या आईला शंका असेल तिला दिवसभर तिथेच बसू द्यावं.