गाडीची बॉडी कोंबडीसारखी गोल फिरवायची? रोटिसरी स्टँड घेण्याआधी या गोष्टी तपासा

चिकनच्या दुकानाबाहेर काचेच्या पेटीत सळईवर गोल गोल फिरणाऱ्या कोंबड्या तुम्ही पाहिल्या असतीलच. त्या मशीनला रोटिसरी म्हणतात. जुन्या गाड्या रिस्टोअर करणाऱ्यांनी हाच शब्द उचलला. फरक इतकाच की इथे सळईवर कोंबडी नसते, अख्ख्या गाडीची बॉडी असते.

इंजिन, चाकं, सस्पेन्शन, काचा सगळं काढलेली बॉडी हवेत उलटी फिरते आणि खाली उभा असलेला माणूस आरामात वेल्डिंग करतो, असे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये आले असतील. बघायला भारी वाटतं. पण स्टँड चुकीचा निवडला, तर तीच बॉडी वाकू शकते किंवा अंगावर येऊ शकते. म्हणूनच हा स्टँड नेमका कसा चालतो आणि निवडताना काय बघायचं, ते समजून घेऊया.

आत्ताच हा विषय का?

आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ, प्रीमियर पद्मिनीचं. मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट म्हणून आली आणि 1974 पासून पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. पण घराघरांत, शेडमध्ये, ताडपत्रीखाली झाकलेल्या पद्मिनी अजून आहेत आणि त्यातल्या पहिल्या गाड्यांनी आता पन्नाशी ओलांडली आहे.

2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, तिच्या चासीत, बॉडी शेलमध्ये किंवा इंजिनात मोठे फेरबदल केलेले नकोत. म्हणजे बॉडी वाचवणं हा फक्त हौसेचा प्रश्न उरत नाही.

आणि पद्मिनीत बॉडी हीच सगळं काही आहे. जीपसारखी खाली वेगळी चासी आणि वर बॉडी असा प्रकार तिच्यात नाही. फ्लोअर, दाराखालची सिल, खांब आणि छत मिळूनच गाडीचा सांगाडा बनतो. समुद्राची हवा आणि पावसाळा यांनी आधी सडतो तो नेमका खालचाच पत्रा.

गाडी फिरवायची गरजच काय?

गाडीखाली झोपून वर वेल्डिंग केलं की ठिणग्या तोंडावर येतात, वितळलेलं लोखंड खाली ओघळतं आणि टाका नीट बसत नाही. बॉडी आडवी केली की तेच काम टेबलावर केल्यासारखं होतं. जुना रंग खरवडणं, गंज काढणं, प्रायमर मारणं, सगळ्यालाच हात पोहोचतो.

पण फक्त एका ठिकाणी पॅच मारायचा असेल, तर रोटिसरी लागत नाही. मजबूत जॅक स्टँड पुरतात. गाडीला एका कुशीवर कलवणारे टिल्टर स्टँडही मिळतात. पूर्ण फ्लोअर आणि खालची सगळी बाजू करायची असेल, तरच रोटिसरीचा खर्च वसूल होतो.

सगळ्यात महत्त्वाचं काय? तोल!

बहुतेक जण आधी विचारतात, “किती किलो उचलतो?” पद्मिनीसारख्या छोट्या गाडीची नुसती बॉडी साधारण 300 किलो धरा. एवढं वजन बहुतेक स्टँड सहज पेलतात. खरा प्रश्न असतो तोलाचा.

स्टँड ज्या रेषेभोवती फिरतो तो अक्ष आणि बॉडीचा गुरुत्वमध्य एकाच रेषेत आले, तर बॉडी एका हाताने फिरते. समजा गुरुत्वमध्य अक्षापासून 10 सेंटीमीटर सरकलेला आहे. 300 किलोची बॉडी 90 अंशांवर आडवी केली, की अर्ध्या मीटरच्या हँडलवर तब्बल 60 किलोचा जोर येतो. हेच अंतर 2 सेंटीमीटरवर आणलं, तर तो 12 किलोवर उतरतो. बॉडी तीच, स्टँड तोच, बदललं ते फक्त 8 सेंटीमीटर.

म्हणून दोन्ही टोकांना बॉडी वर-खाली सरकवायची सोय असलाच पाहिजे, असा स्टँड घ्या. तोल तपासायचा तर दोन्ही बाजूंना माणसं उभी करा आणि बॉडी अगदी थोडीच फिरवा. ती आपोआप उलटायला बघत असेल, तर वजन अक्षाच्या वर आहे, बॉडी खाली घ्या. झोपाळ्यासारखी परत सरळ होत असेल, तर बॉडी वर घ्या. सोडाल तिथे थांबली, की जमलं. दारं, डिकी, बॉनेट काढले किंवा परत लावले, की तोल बदलतो. तेव्हा पुन्हा तपासा.

स्टँडमध्ये आणखी काय बघायचं?

1. लॉक: नुसत्या घट्ट आवळलेल्या बोल्टवर विसंबू नका. ठरावीक अंशांवर भोकं आणि त्यात आरपार जाणारी जाड पिन हवी. हायड्रॉलिक जॅकने वर उचलणारा स्टँड असेल, तर उंचीसाठीही वेगळी पिन हवी. ऑइल सील कधी दगा देईल, सांगता येत नाही.

2. मधला दांडा: काही स्टँडची दोन टोकं पूर्ण वेगळी असतात, काहींना जोडणारा लांब दांडा असतो. दांडा नसेल तर जागा वाचते. पण फरशी उंच-सखल असली, की दोन टोकांचे अक्ष एका रेषेत राहत नाहीत आणि प्रत्येक फेरीला बॉडी पिळली जाते. गॅरेजची जमीन सपाट नसेल, तर दांड्याचाच घ्या.

3. पाया आणि चाकं: पाय रुंद हवेत आणि चाकांना ब्रेक हवा. पाय अरुंद असले, तर ढकलताना स्टँड कलंडू शकतो.

4. जागा: पद्मिनीची रुंदी साधारण 1.46 मीटर. चाकांशिवाय उंची सव्वा मीटर धरली, तर कर्ण 1.9 मीटरच्या आसपास जातो. म्हणजे अक्ष जमिनीपासून एक मीटरहून चांगला वर हवा आणि छताखालीही तेवढीच मोकळी जागा हवी. गाडी सुमारे 3.9 मीटर लांब आहे, त्यात दोन्ही टोकांचे स्टँड मिळवा. शेडचं माप आधी घ्या.

5. ब्रॅकेट: स्टँड बॉडीला सहसा बंपरच्या माउंटवर जोडतात. तिथला पत्रा सडका असेल, तर स्टँड कितीही महाग असला तरी उपयोग शून्य. आधी तो भाग पक्का करून घ्या.

ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून स्टँड बनवून घेणार असाल, तर हीच यादी त्याच्या हातात द्या.

बॉडी चढवण्याआधी

गाडी चाकांवर उभी असतानाच दारांच्या फटी आणि दाराच्या चौकटीचे कर्ण मोजून लिहून ठेवा. मग चौकटीत आतून लोखंडी पाइपांचे आधार वेल्ड करा. सिल पूर्ण गेली असेल, तर ती बॉडी सरळ, नीट टेकवून आधी बदला. दोन टोकांवर लटकलेल्या बॉडीची सिल कापली, तर ती मधून खचते. तशीच वेल्ड झाली, की मग दारं आयुष्यभर नीट लागत नाहीत.

बॅटरी, पेट्रोलची टाकी आणि ब्रेक ऑइल आधीच काढा. वेल्डिंगचं अर्थिंग स्टँडला न लावता कामाच्या जवळ बॉडीलाच लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन ते खराब करतो. आणि पिन लागली आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणीही खाली जायचं नाही.

थोडक्यात, स्टँड विकणारा “किती टन” सांगेल. तुम्ही त्याला तीनच प्रश्न विचारा: तोल कसा जुळवायचा, लॉक कशाने होतो आणि दोन्ही टोकं एका रेषेत कशी राहतात? तिन्हींची उत्तरं तो प्रत्यक्ष करून दाखवू शकला, तरच पैसे काढा.