नरनाळ्याचा महाकाली दरवाजा : स्थापत्यातून सत्तेचे वाचन

इटलीतील फ्लॉरेन्स नगरी अभ्यासक स्थापत्यासाठी पाहतात. अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्लाही त्याच दृष्टीने पाहणे आवश्यक आहे. त्याचा महाकाली दरवाजा इ.स. १४८७ मध्ये बहमनींचा वऱ्हाडचा सुभेदार फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क याने उभारला. त्यावरील शिलालेख बहमनी सुलतान महमूदशहाचे नाव सांगतो. परंतु पांढऱ्या वालुकाश्मातील कमळे, सज्जे व नक्षीदार दगडी जाळ्या उभारणाऱ्याचे वैभव दर्शवितात. पुढे १४९० मध्ये त्याने स्वतंत्र इमादशाही स्थापन केली. अक्षरांतील निष्ठा आणि दगडातील महत्त्वाकांक्षा यांतील हे अंतर दरवाज्यासमोर उभे राहिल्यावरच जाणवते. म्हणून अमरावती-अकोल्यातील महाविद्यालयांनी इतिहासाच्या अध्यापनास नरनाळ्याच्या क्षेत्रभेटीची जोड देणे उचित ठरेल.