पेटी, हप्ता आणि भाई : मुंबईची बोली समजून घेऊ या



गटाची बैठक म्हटली की पेटी आलीच. पेटी एकीच्या घरी आणि किल्ली दुसरीकडे, हा आपला नियम. आता मुंबईला जा. अंधेरीत किंवा घाटकोपरला कुणी म्हणालं, "या कामाला दोन पेटी लागतील," तर तो लाकडी किंवा पत्र्याच्या पेटीबद्दल बोलत नाही. तिथल्या बोलीत एक पेटी म्हणजे एक लाख रुपये आणि एक खोका म्हणजे एक कोटी. आपण मात्र खोक्यात पापड भरतो!

'हप्ता' शब्दाचंही तसंच. आपण कर्जाचा हप्ता वेळेवर भरला की गटाची पत वाढते. मुंबईच्या रस्त्यावर 'हप्ता' म्हणजे फेरीवाल्याला, दुकानदाराला धाक दाखवून दर आठवड्याला किंवा महिन्याला उकळलेले पैसे. शब्द तोच, अर्थ एकदम उलटा.

हे आपल्याला कशाला हवं?

आपल्यातल्या कितीतरी जणी 'उमेद'च्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात माल घेऊन वांद्र्याला जातात. कुणाचा मुलगा बोरिवलीत नोकरीला, कुणाची लेक मुलुंडला शिकायला. फोनवर त्यांचं बोलणं ऐकलं की वाटतं, ही कुठली भाषा? थोडी ओळख करून घेतली तर फसगत टळते आणि लेकरांशी बोलणंही सोपं होतं.

शब्द येतात कुठून?

उपनगरात एका चाळीत, एका लोकलच्या डब्यात मराठी, गुजराती, उत्तर भारतीय, दाक्षिणात्य अशी सगळी माणसं असतात. शब्दांची देवाणघेवाण होणारच. 'भाई' घ्या. घाटकोपर, मुलुंडच्या गुजराती घरांत नावापुढे 'भाई' लावतात तो मान म्हणून. शेतकरी कामगार पक्षाच्या कार्यकर्त्यांनाही 'भाई' म्हणतात. पण मुंबईत "तो इथला भाई आहे" असं कुणी हळू आवाजात सांगितलं, तर तो गुंड आहे असं समजावं.

आपले शब्दही तिकडे गेलेत बरं का! आपण म्हणतो, "यंदा ज्वारीचे दाणे कसे टपोरे आहेत." मुंबईत 'टपोरी' म्हणजे नाक्यावर उभा राहणारा उडाणटप्पू. 'बिनधास्त' म्हणजे धास्ती नसलेला. हा आपला शब्द आता हिंदीतही सर्रास चालतो. आणि कोल्हापूर-साताऱ्याकडचं 'लय भारी'? २०१४ मध्ये रितेश देशमुख यांच्या सिनेमाचं तेच नाव होतं. तेव्हा गावाकडचं बोलणं म्हणजे कमी दर्जाचं, असं मनात आणू नका.

हे शब्द लक्षात ठेवा

• कटिंग : अर्धा चहा
• खालीपिली : उगाच, विनाकारण
• कल्टी मारणे : हळूच निघून जाणे
• सुमडीत : गुपचूप
• लोचा : गोंधळ, अडचण
• झोल : गडबड, लबाडी
• चुना लावणे, टोपी घालणे : फसवणे
• सेटिंग : आतून ओळख लावून काम जमवणे

लेक "चिल मार" म्हणाली तर?

रागावू नका. "आई, शांत रहा, काळजी करू नकोस" एवढंच तिला म्हणायचं असतं. "सीन काय आहे?" म्हणजे बेत काय आहे. आपणही लहानपणी 'च'ची भाषा बोलायचो, आठवतं? घरातल्या मोठ्यांना कळू नये म्हणून मैत्रिणी मैत्रिणी भरभर बोलायच्या आणि आजी म्हणायची, "काय गं ही चिवचिव!" प्रत्येक पिढीला आपली अशी एक भाषा लागते. लेकीला प्रेमाने विचारा, "याचा अर्थ काय गं?" ती हसेल, पण सांगेल.

हसण्यावारी नेऊ नये असे शब्द

'माल' म्हणजे आपल्यासाठी लोणची, पापड, मसाले. रस्त्यावरची टवाळ पोरं मात्र हा शब्द मुलींसाठी वापरतात. 'आयटम'ही तसाच. २०२२ साली मुंबईतल्या विशेष पॉक्सो न्यायालयाने एका तरुणाला दीड वर्षाची शिक्षा दिली. शाळेतून येणाऱ्या मुलीला त्याने 'आयटम' म्हणून हाक मारली होती आणि तिचे केस ओढले होते. हा शब्द मुलीला हीन लेखणारा आहे, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणून लेकीने असं काही सांगितलं तर "मुंबईत असंच बोलतात, लक्ष देऊ नको" म्हणून तिला गप्प करू नका. तिचं ऐकून घ्या. मदत लागली तर मुलांसाठी १०९८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक आहेत. आपला मुलगा असं बोलताना दिसला, तर त्यालाही तिथल्या तिथे थांबवा.

पैशाच्या बोलण्यात एकच नियम

मोठी ऑर्डर देणारा किंवा कर्ज मिळवून देणारा 'पेटी', 'सेटिंग' असं बोलायला लागला, तर मान डोलावू नका. त्याला म्हणा, "दादा, रक्कम आकड्यात सांगा आणि कागदावर लिहून द्या." सरळ व्यवहार करणारा लिहून देईल. टाळाटाळ करणारा कल्टी मारेल, आणि ते बरंच!

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने दोन शब्द आणावेत : एक सासू किंवा आजीकडून, एक लेक किंवा नातीकडून. त्यांचे अर्थ एकमेकींना सांगा. नव्या शब्दाचा अर्थ विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता हो म्हणण्यात मात्र नुकसान आहे. तेव्हा ताईंनो, बिनधास्त विचारा!