समकालीन वास्तुकला आणि सामाजिक उत्तरदायित्व : बेलापूरच्या गृहरचनेच्या निमित्ताने

प्रास्ताविक

वास्तुकला ही कला की सेवा, हा वाद जुना आहे. भारतात कायद्याने त्याचे उत्तर एका परीने देऊन ठेवले आहे. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ अन्वये स्थापन झालेल्या वास्तुकला परिषदेने १९८९ मध्ये व्यावसायिक आचरणाचे विनियम केले. पर्यावरणाची गुणवत्ता आणि समाजाचे भावी कल्याण यांना हातभार लावणे ही वास्तुविशारदाची सर्वसाधारण जबाबदारी असून त्याचे व्यावसायिक काम तिच्याशी विसंगत असू नये, अशी अपेक्षा त्यांत नमूद आहे. मात्र या ‘समाजा’त नेमके कोण येते, हे तेथे स्पष्ट होत नाही. आराखड्याचे काम सोपवणारा आणि त्याचे शुल्क देणारा एक असतो. त्या इमारतीत आयुष्य काढणारा बहुधा दुसराच असतो. बंगल्याच्या बाबतीत हे दोघे एकच असतात. अल्प उत्पन्न गटाच्या घरांच्या बाबतीत त्यांची कधी भेटही होत नाही. अशा अनोळखी रहिवाशासाठी वास्तुविशारद काय राखून ठेवतो, या दृष्टीने प्रस्तुत लेखात बेलापूर येथील गृहरचनेचा विचार केला आहे.

बेलापूरची रचना

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६४-६५ च्या सुमारास खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि कोरिया प्रारंभीची काही वर्षे नव्या मुंबईचे मुख्य वास्तुविशारद होते. साहजिकच १९८३ ते १९८६ या काळात बेलापूरला उभ्या राहिलेल्या वसाहतीकडे त्यांच्या विचारांची कसोटी म्हणून पाहिले जाते. आज हा भाग ‘आर्टिस्ट व्हिलेज’ या नावाने परिचित आहे.

सुमारे ६ हेक्टर जागेत ५५० च्या आसपास कुटुंबांची सोय करावयाची होती. कोरियांनी सात घरे घेऊन ती सुमारे ८ मीटर लांबी-रुंदीच्या एका चौकाभोवती बसवली. असे तीन गट मिळून एकवीस घरे आणि त्यांचा १२ मीटरचा मोठा चौक. अशा तीन समूहांचा पुन्हा त्याहून मोठा चौक. जुन्या वाड्याच्या चौकाशी याचे साम्य सहज जाणवते. फरक इतकाच, की येथे चौक एका घराण्याचा नसून सात कुटुंबांचा आहे. घराचे स्वतःचे अंगण, मग सात घरांचा चौक, मग वस्तीचे मैदान, असा खाजगीपणाकडून सार्वजनिकतेकडे जाणारा क्रम त्यातून तयार होतो. मूल रांगत अंगणात येते, चालू लागले की चौकात जाते. उन्हाळ्यात, संध्याकाळी, सणासुदीला हीच जागा खोलीचे काम करते आणि तिच्यावर छपराचा खर्च नसतो.

याहूनही महत्त्वाचा निर्णय भिंतीचा होता. शेजारच्या दोन घरांत सामाईक भिंत ठेवलेली नव्हती. वरवर पाहता ही उधळपट्टी वाटते, कारण सामाईक भिंतीने जागा आणि विटा दोन्ही वाचतात. तथापि भिंत सामाईक असली की एका कुटुंबाला खोली वाढवताना दुसऱ्याची संमती लागते. स्वतंत्र भिंतीमुळे कमाई वाढेल तसे घर वाढवण्याची मुभा प्रत्येकाला मिळाली. रचनाही स्थानिक गवंड्याला सहज करता येईल इतकी साधी होती. भूखंडांची आकारमाने ४५ ते ७५ चौरस मीटर एवढ्याच मर्यादेत ठेवली होती. उत्पन्नातील तफावत मात्र त्याहून कितीतरी मोठी होती. समतेचा विचार येथे घोषणेत न राहता मोजमापात उतरला, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे काय झाले? मूळ उतरत्या कौलांची घरे आता थोडीच उरली आहेत. अनेकांनी ती पाडून सिमेंट-काँक्रीटच्या दुमजली, तिमजली इमारती बांधल्या. छायाचित्रांवरून वास्तू जोखणाऱ्यांना हे अपयश वाटते. पण घर बदलता यावे यासाठीच ते तसे योजले होते आणि त्या बदलांतही चौक बहुतांशी टिकून राहिले. या घटनेचे जेवढे विवेचन व्हावयास हवे होते, तेवढे झालेले दिसत नाही.

बाळकृष्ण दोशी यांची इंदूर येथील ‘अरण्य’ ही वसाहतही याच विचाराची. तेथे अत्यल्प उत्पन्न गटाला जोते, नळ आणि शौचालय दिले आणि वरचे घर कुटुंबावर सोपवले. १९९५ मध्ये तिला आगा खान पुरस्कार मिळाला.

गोवंडीचे उदाहरण

याच्या उलट चित्र मुंबईच्या पूर्व उपनगरातील पुनर्वसन वसाहतींत दिसते. रस्ते व रेल्वे प्रकल्पांमुळे विस्थापित झालेल्यांना गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये बहुमजली इमारतींत घरे मिळाली. येथे दोन इमारतींमधील अंतर सुमारे ३ मीटर आहे. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने केलेल्या आणि २०१८ मध्ये चर्चेत आलेल्या पाहणीत अशा वसाहतींतील क्षयरोगाचा संबंध अपुरा प्रकाश आणि वायुवीजन यांच्याशी जोडला गेला. खालच्या मजल्यांवर ही स्थिती अधिक बिकट होती. झोपडीला निदान दार उघडताच आकाश होते.

पुनर्वसनाच्या चर्चेत क्षेत्रफळाचा मुद्दा नेहमी पुढे असतो. २२५ चौरस फुटांवरून सदनिका २६९ आणि पुढे ३०० चौरस फुटांवर आली. ही वाढ स्वागतार्ह आहे. पण खिडकीसमोरचे अंतर रहिवाशाच्या ताबापत्रावर लिहिलेले नसते, ते त्याला राहावयास गेल्यावरच कळते. नकाशा काढणाऱ्याला ते आधीच ठाऊक असते.

गोवंडीत बेलापूर उभारता येणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. बेलापूरची घनता हेक्टरी सुमारे ५०० व्यक्तींची. मुंबईच्या पुनर्वसन वसाहतींत ती कैक पट अधिक असते आणि तेथे जमिनीच्या किमतीपुढे चौकाचा हिशेब टिकत नाही. तरीही इमारतींची दिशा, खिडक्यांची समोरासमोर नसलेली मांडणी, मार्गिकेला दोन्ही टोकांना मिळणारा उजेड या बाबी जमिनीच्या भावावर फारशा अवलंबून नाहीत. त्या आराखड्याच्या पहिल्याच टप्प्यावर ठरतात, आणि त्या वेळी रहिवासी तेथे उपस्थित नसतो.