डाव्या बाजूची वाट

दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात तोच बारामती-इंदापुरात गव्हाणीत मोळी पडते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, शेटफळगढ्याचा बारामती अ‍ॅग्रो, असे सगळे कारखाने या दोनच तालुक्यांत. बीड, नगर, जालन्याकडच्या टोळ्या फडात उतरतात आणि पुढचे चार-पाच महिने रस्ता उसाचा होतो. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजनही घटते आणि उताराही. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. त्यामुळे गाडी जितकी भरेल तितकी भरायची आणि रात्र असो की पहाट, कारखान्याच्या नंबराला लावायची, हा हंगामाचा शिरस्ता.

उसाबरोबर या रस्त्यांवर कारखानदारीचा मालही असतो. बारामती-भिगवण रोडवरच्या एमआयडीसीत पियाजिओच्या तीनचाकी गाड्या तयार होतात, श्रायबर डायनामिक्सचे दुग्धपदार्थ आणि फेरेरोची चॉकलेटे बनतात. भारत फोर्ज तिथेच, टेक्स्टाईल पार्कही तिथेच. भिगवणला कागदाचा कारखाना. जंक्शन नावाच्या गावावरून वळले की वालचंदनगर. चांद्रयान-3 ला 14 जुलै 2023 रोजी घेऊन गेलेल्या प्रक्षेपकाच्या दोन्ही बाजूंच्या एस-200 बूस्टरच्या आवरणांचे भाग या गावच्या कारखान्याने घडवले आहेत.

आणि याच डांबरावरून सायकलीही जातात. पहिल्या पाळीला निघालेला कंत्राटी कामगार, हायस्कूलला चाललेली आठवी-नववीची मुले, डेअरीवर किटली घालायला निघालेला शेतकरी. यांच्यासाठी रस्त्याचा जो भाग उरतो तो म्हणजे साइडपट्टी. पावसाळ्यात तिचा मुरूम वाहून जातो आणि डांबराची कड वीतभर उघडी पडते. मागून हॉर्न वाजला की सायकलवाल्यापुढे दोनच गोष्टी उरतात: त्या कडेवरून खाली उतरायचे आणि तोल सांभाळायचा, नाहीतर डांबरावरच राहून शेजारून जाणाऱ्या ट्रेलरचा वारा अंगावर घ्यायचा. चाक कडेला घासले की सायकल पडते ती बहुतेक वेळा रस्त्याच्या बाजूलाच. ट्रकवाल्याचा त्यात दोष असेलच असे नाही.

धोक्याची दुसरी जागा चौकात आहे. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. डावीकडचे, विशेषतः केबिनच्या दाराखालचे, त्याला दिसत नाही, आणि सायकलवाला नेमका तिथेच उभा असतो. लांब ट्रेलर डावीकडे वळताना पुढची चाके रुंद फिरतात, मागची आत कापत येतात. लंडनने हा प्रश्न कायद्याने हाताळला. 1 मार्च 2021 पासून 12 टनांवरच्या ट्रकना, केबिनमधून थेट किती दिसते हे तपासून परवाना दिला जातो, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये ती अट आणखी कडक झाली. इथे केबिन बदलायला वर्षे लागतील, पण चौक बदलता येतो. सायकलींची थांबारेषा ट्रकच्या रेषेपुढे चार-पाच मीटर नेली, तर सिग्नल सुटायच्या आधी सायकलवाला ड्रायव्हरच्या नजरेत येतो. खर्च काय, तर रंगाचा.

रात्रीचा प्रश्न उसाच्या ट्रॉलीचा. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, शेवटच्या ट्रॉलीला दिवा नाही आणि फळक्याबाहेर लोंबणारे वाढे रिफ्लेक्टर झाकून टाकते. दर हंगामात आरटीओ आणि कारखाने मिळून रिफ्लेक्टर लावायची मोहीम घेतात. ती चांगलीच आहे, पण वजनकाट्यावर ट्रॉलीची मागची बाजू पाहिल्याशिवाय पावती द्यायची नाही, एवढा नियम कारखान्यांनी केला तर मोहिमेची गरजच कमी होईल. काट्यावरून प्रत्येक गाडी जातेच.

हा धोका सायकलवाल्यापुरता नाही, चालणाऱ्यालाही आहे. देशाच्या रस्त्यांवर 2022 मध्ये 1,68,491 माणसे मेली. त्यांत 32,825 पादचारी होते.

सायकलींसाठी वेगळी वाट हवी, हे इंजिनिअर लोकांना नव्याने सांगावे लागत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने 1962 सालीच सायकलमार्गांची संहिता काढली. ज्या रस्त्यावर तासाला 200 हून अधिक मोटारवाहने आहेत तिथे गर्दीच्या तासाला 100 सायकली असल्या तरी स्वतंत्र मार्ग समर्थनीय ठरतो, असे तिच्यात स्पष्ट लिहिले आहे. पण त्यासाठी आधी सायकली मोजाव्या लागतात, आणि त्याही पाळी सुटायच्या वेळी. भर दुपारी मोजणी केली तर रस्ता सायकलींविना दिसणारच.

या भागाला एक मोठी संधी मात्र आयती चालून आली आहे. 8 नोव्हेंबर 2021 रोजी पंढरपुरात संत तुकाराम महाराज पालखी मार्गाची कोनशिला बसली. पाटस ते तोंडले-बोंडले, सुमारे 130 किलोमीटर, चौपदरी, अंदाजे खर्च 4,400 कोटी रुपये, आणि दोन्ही बाजूंना पालखीसाठी स्वतंत्र पायवाट. हा रस्ता बारामती-इंदापुरातूनच जातो. आषाढीत काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या पडतात आणि मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला गोल रिंगण होते. त्या दिवसांत पायी चालणाऱ्याला रस्त्यावर पहिला मान असतो, आणि ट्रकवालाही तो मुकाट्याने देतो. चालणाऱ्यांसाठी वेगळी जागा राखायची हे या राष्ट्रीय महामार्गाच्या आराखड्यात वारकऱ्यांमुळे उतरले, याचे मोल फार मोठे आहे.

पालखी गावातून पुढे सरकली की ती पायवाट वर्षभर मोकळी राहते. मोकळ्या जागेवर टपऱ्या येतात, ट्रक लागतात, खडी पडते. तीच जागा उरलेल्या दिवसांत सायकलींची म्हणून जाहीर केली, तर अतिक्रमण रोखायला रोजचा वापर हाच पहारा ठरेल. गावांच्या फाट्यांवर तिची सलगता मात्र तुटता कामा नये. पायवाट फाट्यावर संपून पलीकडे पुन्हा सुरू होत असेल, तर सर्वांत जास्त भीती असते तिथेच माणूस उघड्यावर येतो.

पर्यायी वाटही आहे. 1885 सालचा नीरा डावा कालवा बारामतीतून इंदापूर तालुक्यात जातो. त्याच्या कडेने पाटबंधारे खात्याची सेवावाट आहे, आणि शाळकरी पोरांना ती ठाऊक असते. मुरूम दाबून घेतला, पुलांवर कठडे बसवले तर अनेक वाड्यावस्त्यांची मुले महामार्गाला न शिवता शाळेत पोहोचतील.

ट्रकवाल्याचीही बाजू आहे, आणि ती ऐकल्याशिवाय सायकलवाल्याचे भले होणार नाही. फाटकाबाहेर नंबर लागेपर्यंत त्याला तासन्‌तास थांबावे लागते. जागा नाही म्हणून तो साइडपट्टीवरच गाडी लावतो, तिथेच स्टोव्ह पेटवतो, तिथेच झोपतो. त्याला संडास, पाणी आणि लावायला जागा असलेले ट्रक टर्मिनल एमआयडीसीच्या तोंडाशी मिळाले, तर साइडपट्टी आपोआप मोकळी होते.

सुरुवातीला काटेवाडी ते भवानीनगर हा तुकडा घ्यावा. ऊस, कामगार, शाळा आणि पालखी हे सगळे त्यावर एकत्र भेटते. गळीत हंगामाच्या ऐन भरात, सकाळी आणि पाळी सुटताना, ट्रकबरोबर सायकलीही मोजाव्यात आणि ते आकडे दोन्ही पंचायत समित्यांनी महामार्ग प्राधिकरणापुढे ठेवावेत.