रुग्णवाहिका दाराशी येईपर्यंत

2020 च्या मार्चअखेरीस देशभर टाळेबंदी लागू झाली; जुलैमध्ये मीरा-भाईंदर शहरात ती पुन्हा कडक करण्यात आली. भाईंदर पूर्वेच्या खारी गावात ज्यांनी ते दिवस काढले, त्यांना बांबू बांधून अडवलेले रस्ते आणि कुलूपबंद फाटके अजून आठवत असतील. टेंभा येथील पंडित भीमसेन जोशी रुग्णालय कोविड रुग्णांसाठी राखले गेले होते. ‘108’ वर फोन लागला, तरी रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांना पीपीई किट चढवून निघावे लागे आणि गाडी निर्जंतुक करावी लागे. यात हयगय कुणाचीच नव्हती. पण हृदय बंद पडलेल्या माणसाला तेवढी सवड नसते. छातीवर दाब मिळाला नाही, तर दर मिनिटाला त्याच्या जगण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते.

पॅरिस व उपनगरांतील त्या काळाची नोंद या दृष्टीने विचार करायला लावते. तेथे रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले आणि जिवंतपणी रुग्णालयात पोहोचणारे 22.8 टक्क्यांवरून 12.8 टक्क्यांवर आले. वाढीपैकी सुमारे एक तृतीयांशच थेट कोविडशी संबंधित होती. आश्चर्य असे की, मदतपथकाला उशीर झाला तो जेमतेम एका मिनिटाचा. मात्र जवळच्या माणसाने छातीवर दाब देण्याचे प्रमाण 64 वरून 48 टक्क्यांवर घसरले. बहुतेक घटना घरातच घडल्या होत्या.

आपल्याकडेही भीतीने पाय रोखले. देशातील 187 रुग्णालयांच्या पाहणीत हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणारे 2020 च्या त्या तीन महिन्यांत आदल्या वर्षीपेक्षा 35.4 टक्क्यांनी कमी आढळले. झटके कमी झाले असतील, असे मानणे कठीण आहे.

वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांनी एवढे शिकून ठेवावे: माणूस हाकेला ओ देत नाही आणि श्वास थांबला आहे किंवा तो केवळ आचके देत आहे, तर 108 ला फोन लावून स्पीकर सुरू ठेवावा. त्याला कठीण जमिनीवर उताणे निजवावे. छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाबावे. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी. संसर्गाची धास्ती असल्यास रुग्णाच्या नाकातोंडावर पातळ कापड टाकावे. तोंडाने श्वास देणे टाळले तरी चालते. दमल्यास दुसऱ्याने हात लावावा. शेजाऱ्याला खाली पाठवून फाटक उघडून ठेवायला सांगावे आणि घराची जादा किल्ली आजच त्याच्याकडे देऊन ठेवावी.